दुधाच्या वाटेवरील पहारेकरी : आरोग्यदायी झडपेची निवड

पहाटे गोठ्यात काढलेले दूध किटलीतून गावच्या दूध संस्थेत येते. तेथे त्याचे माप होते, फॅट तपासली जाते आणि ते बल्क कूलरमध्ये ओतले जाते. तेथून टँकर, टँकरमधून डेअरीची साठवण टाकी, मग पाश्चरीकरण यंत्र, पुन्हा टाकी आणि अखेर पिशवी असा त्याचा प्रवास असतो. कूलरमध्ये ओतल्यानंतर या सबंध प्रवासात दुधाला माणसाचा हात लागत नाही, ही आधुनिक दुग्धव्यवसायाची मोठी मिळकत होय. परंतु ज्या ज्या ठिकाणी दुधाची वाट उघडावी, बंद करावी किंवा वळवावी लागते, त्या त्या ठिकाणी एक झडप बसविलेली असते. कामगार तिला व्हॉल्व्ह म्हणतात. टाकी किती लिटरची, यंत्र कोणत्या क्षमतेचे, याविषयी सभांमधून पुष्कळ चर्चा होते. झडपेकडे मात्र ती गळू लागेपर्यंत कोणाचेही लक्ष जात नाही.

महाराष्ट्राने दुग्धव्यवसायात दीर्घ वाटचाल केली आहे. मुंबईची दुधाची गरज भागविण्यासाठी १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. या कार्याचे एक प्रमुख शिल्पकार श्री. दारा खुरोडी यांना १९६३ साली श्री. त्रिभुवनदास पटेल व डॉ. व्हर्गीस कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पारितोषिकाने गौरविण्यात आले. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला आणि १९६७ साली राज्यपातळीवर सहकारी दूध महासंघ अस्तित्वात आला. १९७० पासून १९९६ पर्यंत चाललेल्या दूध महापूर योजनेने शीतकरण केंद्रांचे जाळे देशभर पसरविले. आज कितीतरी लहान गावांतून बल्क कूलर बसलेले आहेत. त्यांची खरेदी, देखभाल आणि दुरुस्ती यांचे निर्णय संस्थेचे संचालक, सचिव, पंचायत सदस्य आणि विस्तार अधिकारी घेत असतात. म्हणूनच झडपेची निवड हा केवळ अभियंत्यांचा विषय राहिलेला नाही.

झडपेत दडलेला धोका

दूध हे बालकाचे पूर्णान्न आहे, तसेच ते जंतूंचेही आवडते अन्न आहे. अनुकूल उष्णता मिळाल्यास काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूपासून आठ तासांत एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक जंतू निर्माण होऊ शकतात. रात्री यंत्र बंद झाल्यावर झडपेच्या एखाद्या खाचेत चमचाभर दूध राहिले, तर सकाळी पहिल्या प्रवाहाबरोबर ते हजारो लिटर चांगल्या दुधात मिसळते. उत्पादकाने गोठा स्वच्छ ठेवला, संस्थेने दूध वेळेवर थंड केले, तरी त्या चमचाभर दुधाने सर्वांचे श्रम वाया जातात.

पाश्चरीकरणानंतर हा धोका कमी होत नाही, उलट वाढतो. किमान ६३ अंश सेल्सिअस तपमानावर ३० मिनिटे, अथवा ७१.५ अंशांवर १५ सेकंद, दूध तापवून लगेच थंड केले म्हणजे रोगकारक जंतू नष्ट होतात. मात्र त्यानंतर दूध पुन्हा तापविले जात नाही. पुढच्या नळ्यांत व झडपांत जे काही मिसळेल ते थेट ग्राहकाच्या घरी जाते. लिस्टेरियासारखे काही जंतू तर शीतपेटीच्या गारव्यातही हळूहळू वाढतात. शिवाय काही जंतूंनी दुधात सोडलेले विष उष्णतेने नष्ट होत नाही. दूषित दूध पुन्हा तापवून निर्धोक करता येईल, हा समज म्हणूनच खरा नाही.

या संदर्भात अमेरिकेतील एका घटनेचे स्मरण उपयुक्त ठरेल. १९८५ साली इलिनॉय राज्यात एका डेअरीच्या पाश्चरीकृत दुधातून साल्मोनेला जंतूंची साथ पसरली. प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या रुग्णांची संख्याच १६ हजारांहून अधिक होती. ती डेअरी आधुनिक होती आणि दूध तापविण्याची व्यवस्थाही तेथे होती. तपास करणाऱ्यांचा मुख्य संशय कच्च्या दुधाच्या व तापविलेल्या दुधाच्या नळ्या एकमेकींना जोडणाऱ्या मार्गावर गेला. दोन वाटांमध्ये एक झडप असली म्हणजे त्या वाटा वेगळ्या झाल्या असे मानणे किती महाग पडू शकते, याचा हा धडा होय.

दोन कसोट्या

घरातील नळाची तोटी विकत घेताना पाणी पूर्ण थांबते की नाही, एवढेच पाहिले जाते. पाण्याच्या तोटीला ही कसोटी पुरेशी आहे. अन्नाच्या झडपेला ती पुरत नाही. अन्नप्रक्रियेतील झडपेला आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न असा, की ती आतून पूर्णपणे स्वच्छ होते काय? तिच्यात दूध साचेल अशी खाच, पोकळी, आटे किंवा आंधळा कोपरा आहे काय? धुण्याचे पाणी तिच्या प्रत्येक पृष्ठभागापर्यंत पोचते काय, आणि धुऊन झाल्यावर ते सारे पाणी उताराने निघून जाते काय?

दुसरा प्रश्न त्याहूनही महत्त्वाचा आहे. ती बिघडली तर कळते काय? प्रत्येक झडप कधी ना कधी झिजणारच. तिचे रबर फाटणारच. झिजलेल्या झडपेतून दूध बाहेर जमिनीवर ठिबकले, तर नुकसान होते, पण बिघाड दिसतो. तेच दूध आतल्या आत दुसऱ्या नळीत झिरपले, तर जमीन कोरडी राहते आणि बिघाड कोणाच्याही नजरेस येत नाही. यास्तव, जेथे दोन वेगळे पदार्थ एकमेकांशेजारी वाहतात तेथे बिघाड उघड करणारी झडपच निवडली पाहिजे.

पुढे दिलेल्या सर्व प्रकारांची पारख या दोन प्रश्नांच्या आधारेच करता येते.

झडपांचे प्रकार आणि त्यांच्या जागा

जुन्या डेअऱ्यांमधून सर्वाधिक वापर प्लग कॉकचा असे. निमुळते भोक पाडलेल्या घरात तसाच निमुळता खुंट बसविलेला असतो आणि मुठीने तो पाव वळसा फिरविला की वाट उघडते. तिची रचना साधी व बळकट असते. खुंट वर ओढून काढता येतो आणि ब्रशने घासून धुता येतो, हा तिचा गुण. मात्र खुंट व घर यांच्या फटीत दुधाचा पातळ थर जातो व तो नुसत्या वाहत्या पाण्याने निघत नाही. प्लग कॉक रोज उघडून हाताने धुतली तर चांगली, न उघडली तर घातक. तसेच एका घराचा खुंट दुसऱ्या घरात घालू नये; ते दोन्ही एकमेकांशी घासून जुळविलेले असतात. धुताना खुंटांची अदलाबदल झाली की गळती सुरू होते.

बॉल व्हॉल्व्ह बाजारात स्वस्त आणि सहज मिळते. तिच्यात आरपार भोक असलेला गोळा असतो. भोक नळीच्या रेषेत आले की दूध वाहते, आडवे झाले की थांबते. पाणी, वाफ आणि हवा यांसाठी ही झडप उत्तम आहे. दुधासाठी मात्र तिचा एक दोष ध्यानात घ्यावा लागतो. झडप बंद करताच गोळ्याच्या भोकातील दूध आतच अडकते आणि गोळा व बाहेरचे घर यांमधील पोकळीतही ते शिरते. नळीतून धुण्याचे पाणी कितीही जोराने सोडले तरी त्या पोकळीपर्यंत ते नीट पोचत नाही. आमरसासारखा दाट व तंतुमय पदार्थ, ज्याला पूर्ण मोकळी वाट हवी असते, त्यासाठी बॉल व्हॉल्व्ह वापरली जाते. तेव्हा ती पोकळी भरून काढणारे अस्तर असलेली व सहज सुटी होणारी निवडावी आणि ती सुटी करून धुण्याची शिस्तही असावी.

बटरफ्लाय व्हॉल्व्ह ही दुधाच्या कामातील नित्याची झडप होय. नळीच्या मधोमध एक पातळ चकती असते. ती प्रवाहाच्या रेषेत फिरविली की दूध दोन्ही बाजूंनी वाहते, आडवी केली की भोवतालच्या रबरी कड्यावर दाबून बसते. तिच्यात पोकळी नाही, किंमत बेताची आणि दुरुस्ती सोपी आहे. दूध, ताक, पाणी व धुण्याची द्रावणे यांसाठी ती योग्य ठरते. चक्का किंवा फळांचे तुकडे असलेला पदार्थ मात्र चकतीला अडतो. चकतीचा दांडा रबरातून जातो ती जागा लवकर झिजते. तपासणीत ती प्रथम पाहावी. आणखी एक मर्यादा अशी, की या झडपेत दोन बाजूंमध्ये एकच रबरी कडे असते. एका बाजूस दूध आणि दुसऱ्या बाजूस कॉस्टिकचे द्रावण अशा जागी ती एकटी बसवू नये.

सीट व्हॉल्व्हमध्ये दांड्याला लावलेली तबकडी खालीवर होते व बैठकीवर टेकून वाट बंद करते. ती हवेच्या दाबाने दुरून चालविता येते आणि प्रवाह वळविण्याच्या कामी फार उपयोगी पडते. झटकन बंद झाल्यास नळ्यांना दणका बसू नये म्हणून ती प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने मिटेल अशा रीतीने बसवितात. साध्या सीट व्हॉल्व्हलाही एकच रबरी कडे असते. ते फाटले तर आतल्या आत होणारी मिसळ बाहेरून दिसत नाही.

हा दोष दुहेरी बैठकीच्या झडपेने दूर केला आहे. तिच्यात एकाऐवजी दोन तबकड्या व दोन रबरी कडी असतात आणि त्यांच्या मधली जागा बाहेरच्या हवेला उघडी ठेवलेली असते. दोहोंपैकी कोणतेही कडे फाटले तरी द्रव मधल्या जागेत येतो आणि खालच्या तोंडातून जमिनीवर ठिबकतो. दुसऱ्या पदार्थात जात नाही. ठिबकणारा थेंब हाच येथे इशारा असतो. एका वाटेने दूध जात असताना शेजारची वाट धुता यावी, अशी सोय मोठ्या डेअऱ्यांना हवी असते. तेथे हीच झडप लागते. ती महाग आहे व तिच्या देखभालीला प्रशिक्षित माणूस लागतो. लहान केंद्राला ती परवडत नसेल, तर तेथे त्याहून जुना आणि तितकाच खात्रीचा उपाय आहे. दोन वाटांमध्ये झडप न ठेवता नळीचा एक सुटा तुकडा ठेवावा. एका वेळी तो एकाच वाटेला जोडता येतो. दुसरी वाट उघडी दिसते. जोडच नसेल तेथे गळती संभवत नाही.

डायफ्राम व्हॉल्व्ह औषधे, लशी आणि पूर्ण निर्जंतुक पदार्थ यांच्या कारखान्यांत प्रामुख्याने आढळते. तिच्यात रबराचा लवचीक पडदा खाली दाबून वाट बंद केली जाते. चालविण्याचा दांडा पडद्याच्या वर राहतो, त्यामुळे बाहेरचे जंतू दांड्याबरोबर आत शिरत नाहीत. आडव्या नळीत ती थोडी कलती बसवावी लागते. सरळ बसविली तर मधल्या उंचवट्यामागे द्रव साचून राहतो. पडदा ठरावीक मुदतीने बदलणे अनिवार्य असते.

याखेरीज काही झडपा विशिष्ट कामाच्या असतात. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह प्रवाहाला उलटे येऊ देत नाही. परंतु ती पूर्ण अटकाव करणारी भिंत नव्हे, तेव्हा कच्चे व तापविलेले दूध वेगळे ठेवण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. चक्क्यासारखा दाट पदार्थ ढकलणाऱ्या पंपापुढे वाट बंद झाली तर दाब वाढून नळी फुटू शकते. तेथे दाब सोडणारी झडप आवश्यक असते व तीही धुता येणारी असावी. नमुना घेण्याची तोटी लहान दिसते, पण ती अस्वच्छ असेल तर नमुन्यात दोष तोटीचा आणि शिक्षा दुधाला असा प्रकार घडतो. नमुना घेण्यापूर्वी तिचे निर्जंतुकीकरण करता आले पाहिजे.

दूध वळविणारी झडप

पाश्चरीकरण यंत्रातील सर्वांत जबाबदारीची झडप म्हणजे दूध वळविणारी झडप होय. तापविलेले दूध ठरावीक सेकंद धरून ठेवणाऱ्या नळीच्या शेवटी ती बसविलेली असते. तेथील तपमान ठरलेल्या मर्यादेहून कमी होताच ती दुधाला पुढे जाऊ न देता परत आरंभीच्या टाकीकडे वळविते, म्हणजे ते दूध पुन्हा तापविले जाते.

या झडपेच्या रचनेत एक तत्त्व सांभाळलेले आहे आणि प्रत्येक अधिकाऱ्याने ते जाणून घ्यावे. ती हवेच्या दाबाने पुढची वाट उघडते व स्प्रिंगच्या जोराने परतीची वाट उघडते. वीज गेली, हवेचा दाब गेला किंवा तारेत बिघाड झाला, तर स्प्रिंग आपोआप दूध परत वळविते. यंत्र आजारी पडले तर ते सुरक्षित बाजूला पडावे, असा हा विचार आहे. उत्पादन थांबू नये म्हणून कोणी ही झडप खिळ घालून उघडी ठेवली, तर तो केवळ नियमभंग नसून लोकांच्या आरोग्याशी केलेला खेळ होय. तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने ही झडप तपमान उतरताच वळते की नाही हे समक्ष पाहावे आणि तपमानाची नोंदपट्टीही तपासावी.

कच्चे दूध तापविलेल्या दुधात मिसळले काय, हे प्रयोगशाळेत फॉस्फटेज चाचणीने कळते. कच्च्या दुधात असणारे हे द्रव्य योग्य पाश्चरीकरणाने नष्ट होते. ते तापविलेल्या दुधात आढळले तर एक तर दूध पुरेसे तापलेले नाही, किंवा कोठेतरी एखादी झडप झिरपत आहे, असे समजावे.

धातू, रबर आणि जोड

झडपेचा आकार योग्य असला, पण धातू अयोग्य असला, तरी निवड चुकते. पितळेची किंवा तांबेमिश्रित धातूची तोटी दुधाला लावू नये. तांब्याचा अंश अल्प प्रमाणात जरी दुधात उतरला तरी स्निग्धांश खवट होण्याची क्रिया वेगाने होते. दुधाच्या संपर्कातील भाग गंजरोधक पोलादाचेच हवेत. ३०४ या प्रतीच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते आणि दुधाच्या सर्वसाधारण कामाला ते पुरते. मीठ किंवा क्षार अधिक असलेल्या पदार्थांसाठी ३१६ ही प्रत घ्यावी. तिच्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमची भर असते. कोणत्याही प्रतीचे पोलाद क्लोरीनच्या तीव्र द्रावणात दीर्घ काळ बुडवून ठेवले तर त्याला बारीक खड्डे पडतात. पुढे त्याच खड्ड्यांत जंतू घर करतात.

आतील पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे हेही मोजता येते. दुधाच्या संपर्कातील पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून कमी असावा, हे मान्य प्रमाण आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जंतूंची लांबी साधारणपणे एकदोन मायक्रॉन असल्याने त्यांना लपण्यास जागा मिळू नये, हा त्यामागील हेतू होय.

रबराच्या बाबतीत मोठा गोंधळ आढळतो. दिसायला सारी रबरे सारखी काळी. गुण मात्र वेगळे. ईपीडीएम रबर गरम कॉस्टिक व वाफ चांगली सोसते, परंतु तूप किंवा लोण्याचा स्निग्धांश लागून ते फुगते. नायट्राइल रबर स्निग्धांश सोसते, पण अति उष्णता व तीव्र आम्ल त्याला मानवत नाही. व्हायटन स्निग्धांश व उष्णता दोन्ही सोसते, मात्र ते महाग आहे आणि वाफेच्या दीर्घ माऱ्यात टिकतेच असे नाही. म्हणून गॅस्केट बदलताना केवळ माप जुळते एवढे पाहून मिळेल ते बसवू नये. कोणत्या वाटेला कोणते रबर याची यादी यंत्राजवळ लावलेली असावी.

नळी व झडप यांचे जोड आट्यांचे असल्यास आटे दुधाच्या संपर्कात येता कामा नयेत. युनियन किंवा क्लॅम्पचे जोड आतून सलग बसतात आणि हत्यारांशिवाय किंवा साध्या पान्याने सुटतात. घरगुती नळकामातील आटेदार जोड, त्यावर गुंडाळलेला दोरा व पांढरी पट्टी यांना दुधाच्या नळीत स्थान नाही.

धुण्याचे शास्त्र

मोठ्या डेअऱ्यांत यंत्रे न उघडता जागेवरच धुतली जातात. या पद्धतीला सी.आय.पी. असे म्हणतात. प्रथम साध्या पाण्याने दुधाचा अंश काढतात. मग साधारणपणे एक ते दीड टक्का कॉस्टिक सोड्याचे ७० ते ८० अंशांचे द्रावण फिरवितात. त्याने स्निग्धांश व प्रथिने निघतात. पुन्हा पाणी, त्यानंतर सौम्य नायट्रिक आम्ल. त्याने क्षारांचा पापुद्रा सुटतो. पुन्हा पाणी आणि शेवटी गरम पाण्याने निर्जंतुकीकरण. नळीतील द्रावणाचा वेग सेकंदाला सुमारे दीड मीटर तरी असावा. संथ प्रवाह घाण सोडवीत नाही, केवळ ओली करतो.

झडपेच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, धुणे चालू असताना प्रत्येक झडप अनेकदा उघडझाक करावी, म्हणजे रबराखाली दबलेली जागाही धुतली जाईल. दोन, मुख्य नळीला फुटलेली व पुढे बंद असलेली आंधळी शाखा ठेवू नये. अशा शाखेत प्रवाह फिरत नाही आणि द्रावण तेथपर्यंत थंड होऊन पोचते. झडप मुख्य नळीपासून हातभर दूर बसविण्याऐवजी अगदी लगत बसवावी. उत्कृष्ट झडप चुकीच्या जागी बसविली तर तिचे सारे गुण व्यर्थ जातात.

गावच्या बल्क कूलरपाशी

बल्क कूलर दूध सुमारे ४ अंशांपर्यंत थंड करून ठेवतो. त्याच्या तळाशी दूध सोडण्याची झडप असते, बहुधा बटरफ्लाय पद्धतीची. टँकरची नळी जोडली जाते, दूध निघून जाते आणि टाकी आतून धुतली जाते. झडपेच्या बाहेरच्या तोंडात राहिलेले थोडे दूध मात्र तसेच राहते. दुपारच्या उन्हात त्यावर माशा बसतात आणि संध्याकाळचे दूध त्याच तोंडातून पुढे जाते.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. दूध गेल्यानंतर झडप सोडवून चकती, कडे व बाहेरचे तोंड कोमट पाण्याने, मग धुण्याच्या द्रावणाने व ब्रशने घासावे आणि स्वच्छ पाण्याने धुवावे. बाहेरच्या तोंडाला साखळीने बांधलेले टोपण असावे व ते सदैव बसविलेले असावे. कड्याला चीर किंवा फुगवटा दिसताच ते बदलावे. दोन कडी नेहमी शिल्लक ठेवावीत. ज्या दिवशी कडे फाटते त्या दिवशी शहराला जाणारी बस मिळेलच असे नाही.

खरेदीच्या कागदावर काय असावे

निविदेत केवळ “स्टेनलेस स्टीलची झडप, दोन इंची, नग चार” असे लिहिले म्हणजे पाण्याची व दुधाची झडप एकाच तराजूत तोलली जाते, आणि स्वस्त दराला मान्यता मिळते. पुढे दोष कोणाचा हे ठरविता येत नाही. म्हणून खरेदीच्या कागदावर पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात.

१. झडपेतून कोणता पदार्थ जाणार, तो पातळ की दाट, त्याचे तपमान व दाब किती.

२. झडपेच्या दुसऱ्या बाजूस काय असेल : तोच पदार्थ, कच्चे दूध की धुण्याचे द्रावण.

३. ती जागेवर धुतली जाणार की रोज सुटी करून. सुटी करणारा माणूस उपलब्ध आहे काय.

४. पोलादाची प्रत, आतील पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा आणि रबराचा प्रकार.

५. वीज किंवा हवा गेल्यास ती उघडी राहणार की बंद.

६. रबरी कडी व सुटे भाग कोठे व किती काळ मिळतील.

७. पुरवठादार ती सुटी करून, धुऊन, पुन्हा जोडण्याचे प्रात्यक्षिक देईल काय.

झडपांच्या आरोग्यदायी रचनेसाठी अमेरिकेतील थ्री-ए मानके आणि १९८९ साली स्थापन झालेल्या युरोपीय संघटनेची, म्हणजे ईएचईडीजीची, मार्गदर्शक तत्त्वे जगभर आधारभूत मानली जातात. भारतात अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला. त्याखालील २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांच्या चौथ्या अनुसूचीत अन्न हाताळणाऱ्यांनी पाळावयाच्या स्वच्छतेच्या गोष्टी दिलेल्या आहेत. झडप विकत घेताना ती कोणत्या मानकाप्रमाणे बनविली आहे याचा दाखला मागणे हा खरेदीदाराचा हक्क आहे.

शाळेतील एक प्रयोग

हा विषय विद्यार्थ्यांना समजावून देण्यास शिक्षकांना फारसे साहित्य लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून एक बॉल व्हॉल्व्ह आणावी. तिच्यातून हळद घातलेले पाणी सोडावे आणि ते वाहत असतानाच ती बंद करावी. मग झडपेची दोन्ही तोंडे स्वच्छ पाण्याने खळखळून धुवावीत, ती स्वच्छ झाली असे सर्वांनी पाहून घ्यावे आणि काचेच्या पेल्यावर ती उघडावी. पेल्यात पिवळे पाणी उतरते. जे बाहेरून स्वच्छ दिसते ते आतून स्वच्छ असतेच असे नाही, हे विद्यार्थ्यांना दुसऱ्या कोणत्याही प्रकारे इतके चटकन पटणार नाही. प्रयोगानंतर ती झडप पिण्याच्या पाण्यासाठी वा खाद्यपदार्थासाठी वापरू नये.

वरच्या वर्गांना मेथिलिन ब्ल्यू चाचणी दाखविता येईल. कच्च्या दुधाच्या नमुन्यात हा निळा रंग घालून तो ३७ अंशांच्या आसपास ठेवला, तर जंतू जितके अधिक तितका रंग लवकर नाहीसा होतो. पाच तासांहून अधिक काळ रंग टिकला तर दूध फार चांगले. अर्ध्या तासातच गेला तर अगदी निकृष्ट. गावच्या कूलरमधील दुधाचा एक नमुना वरून व एक तळाच्या झडपेतून, पहिल्याच धारेचा, घेतला तर झडपेची स्थितीही उमगते. दोन्ही नमुने एकाच वेळी उकळत्या पाण्याने स्वच्छ केलेल्या बाटल्यांत घ्यावेत आणि चाचणीनंतर ते दूध टाकून द्यावे.

सहकारी दूध संस्थेतील प्रत्येक लिटर दुधामागे कोणाचे तरी पहाटेचे उठणे, कोणाचा तरी विकत घेतलेला चारा, कोणाची तरी दोन जनावरे उभी असतात. पुढच्या केंद्रात टँकर नापास झाला तर तोटा त्या सर्वांच्या वाट्याला येतो, आणि दूषित दूध न ओळखता पुढे गेले तर त्याची किंमत एखाद्या घरातील लहान मूल चुकविते. दरपत्रक समोर आल्यावर झडपेच्या दराबरोबरच ते दोन प्रश्नही विचारले गेले पाहिजेत : ही झडप धुतली जाते काय, आणि बिघडली तर कळते काय? या दोहोंचे उत्तर होकारार्थी देता येत नसेल, तर ती झडप कितीही कमी दरात मिळाली तरी स्वस्त नव्हे.